एरंडाची सावली

आमच्या शेजारच्या आजींच्या घराचे दार वर्षातून एकच दिवस बंद असे. एरवी ते लागलेले मी लहानपणी कधी पाहिले नाही. भर दुपारीसुद्धा मांजर, कोंबड्या, पोस्टमन आणि मी, इतक्या जणांना त्या घरात मज्जाव नव्हता. पण भाद्रपदात नाही तर आश्विनात असा एक दिवस येई, की आदल्या संध्याकाळी आजी सूर्य मावळायच्या आत जेवून घेत, पांढरे पातळ नेसत आणि दार लावून घेत. दुसऱ्या दिवशी आभाळात चांदण्या दिसू लागेपर्यंत ते उघडत नसे. मी ओट्यावर घुटमळू लागले की आई म्हणे, “आज तिकडे जायचे नाही हो. आजींचा देवाशी हिशेब चालला आहे.”

आजी बेने इस्रायल. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावात एकेकाळी त्यांची सात-आठ घरे होती. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा दोन उरली होती. फार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी या लोकांची परंपरा सांगते. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाण्याला हात लावला नाही, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि हळूहळू बहुतेक मंडळी तिकडे गेली. आजींचा मुलगाही अश्दोदला गेला. आजी मात्र राहिल्या. “समुद्राने एकदा आम्हांला इथे आणून टाकले. आता पुन्हा कोण त्याच्या तोंडी लागणार!” असे त्या म्हणत.

बंद दाराच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा ‘शिळा सण’. त्या दिवशी आम्हां मुलांना बोलावणे असे. हातावर खाऊ पडे आणि मग गोष्ट. गोष्ट दरवर्षी तीच, योनाची; कारण त्या उपासाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी त्यांच्या प्रार्थनेत योना प्रेषिताचे पुस्तक वाचतात. आजींचे वडील अलिबागच्या इस्रायल आळीतल्या प्रार्थनामंदिरात ते ऐकून येत आणि घरी मराठीत सांगत. या समाजात मराठी कीर्तने होत असत. त्यामुळे आजींच्या सांगण्यालाही कीर्तनाचा डौल होता. योना म्हणजे हिब्रूत पारवा, हे सांगताना त्या दोन्ही हातांचे पंख करीत.

गोष्ट तुम्हांलाही ठाऊक असेल. देवाने योनाला सांगितले, की निनवे नगरीला जा आणि तिथल्या लोकांना त्यांच्या पापांबद्दल बजाव. निनवे पूर्वेला, योना निघाला पश्चिमेला. याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारे गलबत उभे होते. रोख भाडे मोजून तो त्यात चढला. तार्शीश म्हणजे त्या काळच्या माणसाच्या जगाचे पार दुसरे टोक. पुष्कळ अभ्यासक ते स्पेनच्या बाजूला मानतात. देवाने वारा सोडला. खलाशी आपापल्या देवांचा धावा करू लागले, माल समुद्रात फेकू लागले. आणि ज्याच्या पायी हे सारे चालले होते, तो योना तळाशी गाढ झोपला होता! चिठ्ठ्या टाकल्या, त्याचेच नाव निघाले. मला समुद्रात टाका, असे तोच म्हणाला. त्या परधर्मी खलाशांनी आधी वल्ही मारून किनारा गाठायची शिकस्त केली आणि इलाज उरला नाही तेव्हाच त्याला टाकले. समुद्र शांत झाला. मोठ्या माशाने योनाला गिळले. तीन दिवस आणि तीन रात्री तो त्या अंधारात होता. तिथे त्याने प्रार्थना केली आणि माशाने त्याला कोरड्या जमिनीवर ओकून टाकले.

इथे आम्ही टाळ्या पिटत असू. पुढचे आजी सांगत, पण आमचे कान माशापाशीच राहत.

मी शिक्षिका झाले आणि हीच गोष्ट वर्गात सांगू लागले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आमच्या मोठ्या बाई दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात. एका खाजगी शाळेत बालवर्गापासून सुरुवात केली आणि मोठ्या बाईंच्या विश्वासावर सातवीपर्यंत पोचले. रात्री कादंबऱ्या लिहिते. सांगायचे कारण इतकेच, की मी धर्मशास्त्राची जाणकार नव्हे, मला गोष्टीतले कळते एवढेच. मुले नेहमी विचारतात, “बाई, माशाच्या पोटात श्वास कसा घेतला त्याने? तिथे उजेड होता का?” मी त्यांना सांगते, की मूळ पुस्तकात देवमासासुद्धा नाही, नुसता ‘मोठा मासा’ आहे. चार लहान अध्याय, अवघी ४८ वचने. त्यांपैकी तीनच वचनांत मासा येतो. उरलेली ४५ वचने कशाबद्दल आहेत, हे मात्र मला २०२२ सालच्या दसऱ्याला कळले. ते मी स्वतःहून शिकले नाही. मला शिकवले गेले.

त्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याला जिन्यावरून ढकलले. पडलेल्या मुलाचा हात मोडला. त्याची आई लोकांकडे धुणीभांडी करते. तिने रडत रडत तक्रारीचा कागद मोठ्या बाईंच्या हाती दिला. कागद पुढे गेला असता तर चौकीपर्यंत जाणारा होता. ढकलणाऱ्या पोराची ही पहिली खोडी नव्हती. त्याच्या बापाचे नाव घेताना आमच्या गावात माणसे आवाज खाली आणतात.

आणि मला त्या नावाचे काय वाटते, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जाणार नाही. आमच्या वाडीला लागून त्या माणसाची वाडी. बांधावरून दावा लागला. अकरा वर्षे माझे वडील पिशवीत कागद घालून कोर्टाच्या पायऱ्या चढले आणि अखेर हरले. निम्मी वाडी गेली, माड गेले, पोफळी गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी वडील गेले. डॉक्टरांनी हृदयाचे कारण लिहिले. आमच्या घरात कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही.

मोठ्या बाईंनी मला शुक्रवारी बोलावले. म्हणाल्या, “कागद मी दसऱ्यापर्यंत ठेवून घेतला आहे. त्याआधी तुम्ही मुलाच्या घरी जाऊन या. त्यांना स्पष्ट सांगा, काय झाले आहे आणि काय होणार आहे. न सांगता कागद पाठवला तर ती नुसती शिक्षा होईल, शिक्षण होणार नाही.”

मी “बरे” म्हटले. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी रेवसला जाऊन भाऊच्या धक्क्याची लाँच धरली. मुंबईला बहीण आहे, तिच्याकडे बरेच दिवसांत गेले नव्हते, असे कारण मी मनाशी तयार केले होते. पळणाऱ्याला कारण नेहमी हाताशी सापडते. बंदरात गलबतही तयारच उभे असते, आणि भाडे आपण खुशीने मोजतो.

त्या दिवशी वारा होता. लाँच अशी हेलकावू लागली की कोळणींनीसुद्धा टोपल्या पायांत दाबून धरल्या. माझ्या शेजारच्या म्हातारबुवांनी विठ्ठलाचे नाव घेतले, पलीकडच्या बाईने तसबीह काढली. मी काठाला धरून बसले होते आणि एकाएकी मला योना आठवला. हसू आले, आणि लगेच हसू मावळले. वादळ कसले, नेहमीचा वारा होता तो. माझ्यासारख्या मास्तरणीसाठी देव समुद्र ढवळीत नाही, हे मला कळते. पण गलबताच्या तळाशी झोपलेला तो माणूस मला त्या दिवशी प्रथम दिसला. वारा आज्ञा पाळतो, मासा पाळतो, परके खलाशीही भिऊन वागतात. साऱ्या पुस्तकात न ऐकणारा एकच, तो म्हणजे देवाचा माणूस.

रविवारी मी परत आले. सोमवारी शाळेत पाऊल टाकताच मोठ्या बाईंनी विचारले, “जाऊन आलात?” मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. शुक्रवारचेच शब्द त्यांनी पुन्हा उच्चारले, इतकेच. योनालाही देवाने दुसऱ्यांदा तीच आज्ञा दिली होती. आधी कुठे गेला होतास, असे एका शब्दाने विचारले नव्हते.

आपण का पळालो, याचे उत्तर मी तोवर स्वतःलाही दिले नव्हते. त्या माणसाची मला भीती वाटते, असे मी बहिणीला सांगितले होते. योनाबद्दलही लहानपणी आम्ही तेच समजत असू, की तो निनवेला भ्याला. भ्यावे असे ते नगर होतेच. आजच्या इराकमध्ये, मोसुल शहरासमोर टायग्रिस नदीच्या पूर्वकाठी त्याचे अवशेष आहेत. अश्शूरी राजा सन्हेरिब याने इ.स.पू. ७०१ साली यहूदी राज्यातले लाखीश नगर जिंकले आणि निनवेच्या आपल्या वाड्यात त्या विजयाची शिल्पे कोरून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेले कैदी त्यांत आहेत, गाड्यांवर संसार लादून देशोधडीला निघालेली बायकापोरे आहेत. बायबलात योनाचे नाव ज्या दुसऱ्या यराबाम राजाच्या काळात येते, त्यानंतर फार वर्षे गेली नाहीत तोच, इ.स.पू. ७२२च्या सुमारास, योनाचे उत्तरेचे राज्य याच अश्शूरांनी बुडवले.

पण भीती हे खरे कारण नव्हे. खरे कारण योना चौथ्या अध्यायात स्वतःच सांगतो. देव दयाळू आहे, लवकर रागावत नाही, लोक वळले तर शिक्षा मागे घेतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. आणि म्हणूनच तो पळाला होता! निरोप पोचला तर ते लोक कदाचित सुधारतील, आणि सुधारले तर वाचतील. ते वाचायला नको होते.

माझेही तेच होते. मी गेले नसते तर कागद दसऱ्यानंतर आपोआप पुढे गेला असता.

सोमवारी संध्याकाळी मी गेले. त्या घराचा उंबरा मी ओलांडला नाही, पाणी घेतले नाही. योनाचा निनवेतला उपदेश हिब्रूत अवघा पाच शब्दांचा आहे: चाळीस दिवसांनी हे नगर उलथणार, इतकाच त्याचा आशय. वळा म्हणून नाही, आशेचा शब्द नाही. नगर तीन दिवसांच्या चालीचे, हा एकच दिवस आत गेला. मीही तसेच केले. एरवी वर्गात माझे एरंडाचे गुऱ्हाळ तासभर चालते, पण त्या दिवशी दोन वाक्यांत काम उरकले. “तुमच्या मुलाने एकाचा हात मोडला आहे. दसऱ्यानंतर कागद पुढे जाणार.” आणि वळले. पायांनी आज्ञा पाळली. मनाने पाळली नाही.

त्या पाच शब्दांवर निनवे हादरली, असे पुस्तक सांगते. राजा सिंहासनावरून उतरला, गोणपाट नेसून राखेत बसला. माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडवला. कोण जाणे, देव अजूनही वळेल, एवढीच त्या राजाला आशा. कोणा प्रेषिताला आपल्या आयुष्यात एवढे यश मिळाले नसेल.

मंगळवारी सकाळी तो माणूस शाळेत आला. चपला बाहेर काढून आला. पोराला पुढे घालून त्याने आधी त्या मोडक्या हाताच्या मुलाचे घर गाठले होते. इस्पितळाचे पैसे दिले होते, आणि त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईपुढे पोराबरोबर स्वतःही हात जोडले होते. प्लास्टर निघेपर्यंत आपण त्याचे दप्तर वाहू, असे पोराने सांगितले होते. ती बाई मागोमाग आली आणि म्हणाली, “मोठ्या बाई, माझा कागद द्या परत.” मोठ्या बाईंनी खण उघडला आणि कागद तिच्या हातात ठेवला.

सगळे गेल्यावर मी मोठ्या बाईंना म्हटले, “मला आधीच ठाऊक होते, तुम्ही असेच करणार.” माझा आवाज इतका चढला, की शिपाई दारात आला. “एक दिवस हात जोडले की झाले? आणि आमच्या वडिलांचे काय? त्यांच्यापुढे कोणी हात जोडले?”

मोठ्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमचा राग खोटा नाही. पण तो या मुलावर काढणे बरे का?”

दुसऱ्या दिवशी दसरा. मी सोने लुटायला कोणाकडे गेले नाही. आजींकडे जावे म्हणून निघाले, तर त्यांचे दार बंद. त्यांच्या पंचांगातही महिना चंद्राचा, आणि हा उपास तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी. त्या वर्षी त्यांची दशमी आणि आमची विजयादशमी ५ ऑक्टोबरला एकाच दिवशी पडली होती. त्या बंद दारासमोर ओट्यावर मी बराच वेळ बसून राहिले.

शिळ्या सणाला आजींनी आपणहून हाक मारली. नव्वदीकडे झुकलेल्या आजी आणि चाळिशी ओलांडलेली मी. खाऊ तसाच हातावर पडला. मी सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अगो बाय, तुला मी माशाच्या पुढची गोष्ट कितीदा सांगितली. ऐकलीस कधी?”

मग त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. निनवेचे काय होते ते पाहायला योना रागाने नगराबाहेर मांडव घालून बसला. देवाने एका रात्रीत त्याच्या डोक्यावर झाड उगवले. सावली पडली, योना खूश झाला. साऱ्या पुस्तकात तो खूश होतो तो एवढाच एकदा. दुसऱ्या पहाटे देवाने किडा धाडला, झाड सुकले. उन्हाची झळ आणि पूर्वेचा तापलेला वारा. योना म्हणाला, यापेक्षा मेलेले बरे.

त्या झाडाचे हिब्रू नाव किकायोन. पुष्कळ अभ्यासक त्याला एरंड मानतात. आपल्याकडे ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. योनाच्या ओसाड मनातही तोच बळी ठरला होता. या झाडावरून माणसे खरोखर भांडली आहेत. जुन्या भाषांतरांत तिथे भोपळ्याचा वेल होता. जेरोम नावाच्या पंडिताने लॅटिनमध्ये त्याची आयव्ही केली, तर पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतल्या एका चर्चमध्ये लोकांनी दंगा केला, की आमचा भोपळा कुठे गेला! संत ऑगस्टिनने जेरोमला पत्रातून हे कळवले आहे. भोपळ्यासाठी माणसे हमरीतुमरीवर आली. निनवे वाचली याचा आनंद करताना मात्र योनासुद्धा दिसला नाही.

आजी म्हणाल्या, “निसर्ग वादळात तुमच्या परसातला आंबा पडला, तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. आठवते?”

आठवत होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या वाड्या झोपवल्या. आमचा आंबा मुळासकट पडला होता. त्याच्या खोडाला मिठी मारून मी रडले होते.

“तो आंबा तू लावलास?”

“नाही. आजोबांनी.”

“पाणी तू घातलेस?”

“पावसाने घातले.”

“आणि तरी तुझा जीव एवढा तुटला. मग ते पोर काय झाडाहून हलके, बाय?”

मी काही बोलले नाही. पुस्तकही इथेच संपते. ज्या झाडासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याची तुला एवढी हळहळ; मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याची मला हळहळ वाटू नये का, असे देव विचारतो. यानंतर एक अक्षर नाही. योनाचे उत्तर कोणी लिहून ठेवलेले नाही.

“त्याने काय उत्तर दिले, आजी?”

“नाहीच दिले. म्हणून तर दरवर्षी वाचतात. ज्याने त्याने आपले द्यायचे.”

उठताना आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईत मशीद बंदर स्टेशनजवळ त्यांच्या समाजाचे सर्वांत जुने प्रार्थनामंदिर आहे. ते १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधले. हे दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, जीव वाचला तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला आणि शत्रूच्या हातून सुटून आले, अशी कथा आहे. मंदिराचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. “शत्रूने दार उघडले, तेव्हा आमच्या माणसाने दार बांधले,” आजी म्हणाल्या. “आपल्याला दया पाहिजे असली, की दार सताड उघडे हवे. दुसऱ्याला मिळायची असली, की आपण कडी शोधतो.”

त्या दिवसापासून मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. वर्गात आम्ही आज्ञापालन शिकवतो ते हात बांधून उभे राहण्याचे, पाठ करून म्हणण्याचे. ते योनाला जमले होते. सांगितलेले काम त्याने केले, निरोप शब्दशः पोचवला. परंतु ज्याने पाठवले त्याच्या मनात काय होते, ते त्याने आपल्या मनात घेतले नाही. निरोप्या होणे सोपे आहे. पाठवणाऱ्याची कळकळ उचलणे अवघड आहे. आणि माशाच्या पोटातून आपण सुटलो तेव्हा ती दया त्याला रास्त वाटली. तीच दया निनवेला मिळाली तेव्हा अन्याय वाटला.

दया फुकट असते, असेही मी म्हणणार नाही. योनाचे पुस्तक लिहिले गेले ते बहुधा त्याच्या काळानंतर पुष्कळ वर्षांनी. म्हणजे ज्यांनी ते प्रथम ऐकले, त्यांना ठाऊक होते की गोष्टीत क्षमा मिळालेल्या याच निनवेच्या फौजांनी आपल्या पूर्वजांची घरे लुटली. ठाऊक असूनही त्यांनी ही गोष्ट जपली, आणि वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी वाचायला ठेवली. इ.स.पू. ६१२ साली निनवेही पडली. तिच्या एका टेकाडावर योनाच्या, म्हणजे नबी युनूसच्या नावाची मशीद होती; कुराणातल्या दहाव्या सुरेलाही त्याचे नाव आहे. ती मशीद २०१४ साली दहशतवाद्यांनी स्फोटाने उडवली. पण त्या मुलखातले सीरियाक ख्रिस्ती, आणि आपल्या केरळातले त्यांचे धर्मबंधू, निनवेच्या त्या पश्चात्तापाच्या आठवणीने आजही दरवर्षी तीन दिवस उपास धरतात. योनाचा राग कोणी पाळत नाही. निनवेचा उपास पाळतात.

आमचा बांध होता तिथेच आहे. त्याबद्दल तो माणूस कधी बोलला नाही, मीही बोलले नाही. गेल्या वर्षी आजींना त्यांच्या भाचीने ठाण्याला नेले. त्यांचे दार आता वर्षभर बंद असते. यंदाचा दसरा मला फार सुना गेला.

तो मुलगा आता दहावीत आहे. आमच्या शाळेतून केव्हाच गेला. परवा दिवाळीच्या तयारीत मी अनारशांचे पीठ मळत असताना तो दारात उभा राहिला. हातात सोललेले दोन नारळ. “बाई, आईने करंजीला दिलेत.” माझ्या हातांना पीठ होते, म्हणून ओट्यावर ठेव म्हटले. तो नमस्कार करून गेला.

नारळ कुठल्या माडांचे, ते मला लगेच कळले. बांधापलीकडच्या त्या माडांना लहानपणी मी वडिलांबरोबर पाणी घातले आहे.

दोन दिवस ते ओट्यावरच पडून होते. येता-जाता मी त्यांच्याकडे बघत होते आणि बघत नाही असे दाखवीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक फोडला. खोबरे गोड निघाले. करंज्या झाल्या, मुलांनी खाल्ल्या, मीही एक खाल्ली.

दुसरा नारळ अजून ओट्यावर आहे.